वीतभर जागा

मैमून, आधी खिसे बघ.
बाकी काही विसरलीस तरी चालेल, खिसे बघ.
परवा एका थोबच्या खिशातून खजुराच्या तीन बिया निघाल्या,
पंपात अडकल्या,
आणि मालकाने माझ्याकडे असं पाहिलं
जणू झाड मीच लावलं होतं.

मग पांढरं वेगळं काढ.
इथे मुहर्रकला पांढऱ्याला फार मान.
थोब, टोप्या, गुत्रे, सगळं साठ डिग्रीवर,
पण कॉलरला आधी हाताने साबण चोळायचा.
मान ती मानच,
श्रीमंताचीही मळते.

लाल चौकडीचा रुमाल नवा असेल
तर पहिली दोन धुणी त्याला एकटा ठेव.
रंग सोडतो.
माझ्या पहिल्या वर्षी त्याने अकरा थोब गुलाबी केले.
मी तुला तेव्हा कळवलं होतं,
ईदला येणं जमत नाही, तिकीट महाग झालंय.
तिकीट महाग नव्हतं, मैमून.

तुझा बुरखा उलटा कर. थंड पाणी. जाळीची पिशवी.
इथल्या अबायांना ऊद इतका मुरलेला असतो
की धुऊन, वाळवून, इस्त्री करूनही
दुकान संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी दिवाणखान्यासारखं वाटतं.

शौकतचे बोटीवरचे कपडे चुकूनही बाकीच्यांत मिसळू नकोस.
आधी अंगणात झटक.
एक खवला आत राहिला
तर महिनाभराने सापडेल,
मुलीच्या फ्रॉकवर, टिकलीसारखा.
इथे गोदीतल्या पोरांचे बॉयलर सूट येतात तसलेच,
तेल, गंज, घाम. उकळतं पाणी, दोन वेळा.
मोतालिब म्हणतो, ते लावले की मशीनच खोकायला लागतं.

टॉवेलला ते वासाचं निळं औषध नको,
पाणी प्यायचं विसरतात.
पडद्यांच्या कड्या काढ.
आणि अब्बांचं घोंगडं
मशीनला दाखवूसुद्धा नकोस, आटेल.
टबात घाल, लगेच काढ.
भिजत ठेवायला आपलं एक आहे की,
अकरा वर्षं झाली:
वरचा मजला, तुझा व्हिसा,
माझं कायमचं परत येणं.

ठासून भरू नकोस.
हात आत घालून बघ,
कपड्यांच्या वर वीतभर जागा उरली पाहिजे.
जागा असली की कपडे एकमेकांवर आपटतात,
आपटले की मळ सुटतो.
आमच्या खोलीत आठ जण.
आपटायला जागा नाही, म्हणून भांडणं नाहीत.
लोकांना वाटतं, किती गुण्यागोविंदाने राहतात.

तू नुसती हूं म्हणायचीस.
मध्येच, हळू सांगा, लिहून घेतेय.
दोन महिने रोज रात्री मी दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून
तुला एकेक बटण शिकवलं.

आज नसीरला म्हटलं, जरा मशीन दाखव.
त्याने क्रोशाचा रुमाल बाजूला केला,
दप्तर उचललं, झाकण उघडलं.
आत कांदे.

नळ एक दिवसाआड येतो, अब्बू,
करंगळीएवढा, तासभर. वर चढतच नाही.
अम्मी विहिरीवरच धुते,
पहिल्या दिवसापासून.

मग मला कशाला विचारत होतीस, मैमून?
मलमलला कुठलं बटण, चादरीला किती पावडर?
तू फोन हातात घेतलास.
आधी तुझा अंगठा दिसला,
पाण्याने पांढरा पडलेला, सुरकुतलेला,
अगदी माझ्यासारखा.
मग तू म्हणालीस,
तुम्ही एरवी पैशाखेरीज बोलता तरी कशावर?

रस्त्यापलीकडे कुणीतरी शटर ओढलं.
आत शेवटचं मशीन पिळायला लागलं होतं,
फरशी थरथरत होती.

बरं. मलमल.
चौथं बटण. पाणी गार.
पिळायला लावू नकोस, ऐकतेस ना,
तशीच ओली वाळत घाल,
स्वतःच्या वजनाने सरळ होते.